मेक्सिकोची मातीची भांडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांत उभे राहून बोलण्याचा मला मुळीच सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आणि पुढची सारी शाळा चुलीपुढेच भरली. पण यंदा आपण ठरवले की, वर्धापनदिनाला बाहेरचा वक्ता बोलवायचा नाही. सभासदांनीच ‘परक्या देशाचे स्वयंपाकघर’ या विषयावर बोलायचे. देशांच्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि माझ्या चिठ्ठीत निघाले मेक्सिको! तो देश कुठे आहे हेही मला धड ठाऊक नव्हते. घरी येऊन ह्यांना विचारले, तर हे म्हणाले, “अमेरिकेच्या खाली.” एवढ्यावर भाषण कसे व्हावे? शेवटी कॉलेजात शिकणारी माझी भाची धावून आली. तिने इंग्रजी पुस्तके वाचून मला मराठीत समजावून सांगितले, मोबाईलवर भांड्यांची चित्रे दाखवली आणि मी वहीत टिपून घेत गेले. त्यातलेच आज आपल्यापुढे ठेवते. गोड मानून घ्यावे.

आमच्या सासूबाई म्हणत, “कोणाचे घर ओळखायचे असेल तर आधी त्यांची मांडणी बघावी.” म्हणून मी पदार्थांपेक्षा भांड्यांवरच बोलणार आहे.

पण तो देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. आज सकाळी तुमच्यापैकी किती जणींनी फोडणीत मिरची घातली? टोमॅटो किती जणींनी चिरला? मका, मिरची आणि टोमॅटो या तिन्ही वस्तूंची ओळख जगाला झाली ती मेक्सिकोकडून. ‘टोमॅटो’ हा शब्दसुद्धा तिथल्या नावाट्ल भाषेतल्या ‘तोमात्ल’वरून आलेला आहे. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली. म्हणजे आपल्या डब्यातल्या कितीतरी वस्तू आधी हजारो वर्षे तिथल्या बायकांच्या मातीच्या भांड्यांत शिजल्या आणि मग आपल्याकडे आल्या.

आजचा मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ आणि लगतच्या होंडुरास व एल साल्वादोर या देशांचा काही भाग मिळून जो प्रदेश होतो, तिथे फार जुन्या काळी ओल्मेक, झापोटेक, माया, अॅझ्टेक असे निरनिराळे लोक नांदून गेले. मेक्सिकोच्या चियापास प्रांतात समुद्राकाठी साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची भांडी सापडली आहेत. ती बिनगळ्याची, गोल पोटाची आहेत, वाळलेला भोपळा वरून कापावा तशी. आधी लोक भोपळ्याच्या तुंब्यातूनच पाणी पीत असणार. मग तोच आकार मातीत उतरवला.

नवलाची गोष्ट ही की, या लोकांकडे कुंभाराचे चाक नव्हते. मातीची लांब वळी करायची, ती एकावर एक गोल बसवत न्यायची, मग हाताने दाबून आणि खरवडून भिंत सारखी करायची, आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घासून चकाकी आणायची. काही भांडी साच्यात दाबून करत. चाकाशिवाय केलेली ही भांडी इतकी एकसारखी गोल आहेत की, चित्रे पाहताना मी भाचीला दोनदा विचारले, “नक्की हातानेच केलीत ना ही?”

आता एक गंमत सांगते. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची चाल आहे. लग्नात, मुंजीत आलेल्या तांब्यावर नाव आणि तारीख घातल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या माया लोकांचेही तसेच होते! त्यांच्या उंच, सरळ पेल्यांवर काठाच्या खाली चित्रलिपीची एक ओळ रंगवलेली असते. ती मोठमोठ्या पंडितांनी कित्येक वर्षे खपून वाचली. कोणाला वाटेल, एखादा मंत्र निघाला असेल. निघाले काय? ‘हा अमक्याचा पेला, कोको पिण्याचा.’ मला तर हे ऐकून त्या लोकांविषयी एकदम आपलेपणा वाटला.

कोको म्हणजे ज्याचे चॉकलेट करतात ते बी. त्या काळी त्याची वडी नव्हे, पेय करत. ते राजेलोकांचे आणि सरदारांचे पेय होते. पुढे अॅझ्टेकांच्या काळी तर हे बी बाजारात पैशासारखे चाले. ग्वाटेमालात रिओ आसूल नावाच्या ठिकाणी १९८४ साली एक थडगे उघडले. त्यात पाचव्या शतकातले एक मातीचे भांडे मिळाले. त्याचे झाकण आपल्या बरणीसारखे फिरवून बसवायचे होते. वर ‘कोको’ असे लिहिलेले, आणि आत तळाला काहीतरी वाळून चिकटलेले. तो खरवडा अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेटच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तपासला, तर खरोखरच कोको निघाला. बरणीवर जे लिहिले तेच बरणीत! आपल्यापैकी किती जणींना असे छातीवर हात ठेवून सांगता येईल? आमच्याकडे ‘चहा’ लिहिलेल्या डब्यात जिरे असते.

या पेयावर फेस हवा असे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात आठव्या शतकाच्या सुमाराचा एक माया पेला आहे. त्यावर एक बाई उभी राहून एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात उंचावरून कोकोची धार धरते आहे, फेस यावा म्हणून. आपला चहावाला चहा वर-खाली करतो तसेच. पेल्याच्या काठावर नाव असते ते पेल्याच्या मालकाचे. धार धरणारी कोण होती, हे आज कोणालाच सांगता येत नाही.

भगिनींनो, राजांचे पेले आज संग्रहालयांत काचेआड आहेत. पण एक भांडे असे आहे की, ज्यावर कोणी कधी नाव घातले नाही आणि जे अजून चुलीवर आहे. ते म्हणजे मातीचा तवा. त्याला ‘कोमाल’ म्हणतात. वहाका प्रांतात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे असे तवे मिळाले आहेत. त्यावर मक्याची पातळ भाकरी भाजायची. तिला स्पॅनिश लोकांनी ‘तोर्तिया’ नाव दिले. भाकरी चिकटू नये म्हणून तव्याला चुन्याचे पाणी फासतात. गावोगावी लोखंडी आणि पत्र्याचे तवे आले, तरी मातीच्या कोमालाची गोडी ज्यांना ठाऊक आहे ते तो सोडत नाहीत.

या भाकरीची खरी किमया मात्र तव्याच्याही आधी, मडक्यात होते. तिथल्या बायका मका तसाच दळत नाहीत. तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर तसाच ठेवतात. सकाळी साल सुटते, ती धुऊन टाकतात आणि मका ओलाच पाट्यावर वाटतात. त्यांचा पाटा-वरवंटा आपल्यासारखाच, फक्त पाट्याला तीन पाय. चुन्यामुळे पीठ चांगले मिळून येते आणि अंगाला चुनखडीचे सत्त्व मिळते. शिवाय मक्यात एक जीवनसत्त्व अडकून पडलेले असते, ते मोकळे होते. हे शास्त्र त्या बायकांना कोणी फळ्यावर शिकवले नव्हते. आईने लेकीला दाखवले, लेकीने तिच्या लेकीला.

आता पुढचे ऐका, कारण माझ्या मते सगळ्या भाषणातली महत्त्वाची गोष्ट हीच आहे. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला. तो तिथे चांगला पिकला आणि गरिबांचे पोट मक्यावर भरू लागले. पण मका नेताना तो शिजवायची रीत त्यांनी नेली नाही. आणि मग ज्यांच्या पानात मक्यावाचून दुसरे फारसे काही नसे, त्यांना एक भयंकर रोग जडू लागला. कातडी लाल होऊन सोलवटायची, हगवण लागायची, शेवटी बुद्धीला भ्रम व्हायचा. स्पेनमध्ये १७३५ साली गास्पार कासाल नावाच्या वैद्याने हा रोग प्रथम टिपून ठेवला. पुढे इटलीत त्याला ‘पेलाग्रा’ नाव पडले आणि हजारो माणसे त्याने गेली. मेक्सिकोत मात्र तोच मका खाऊन लोक धडधाकट होते. धान्य नेले, पण ते रांधणाऱ्या बाईला विचारले नाही, त्याची ही किंमत!

अॅझ्टेकांच्या घरात लेकीला कसे शिकवत, याचे एक चित्र आहे. सुमारे १५४१ साली तिथल्याच चित्रकारांनी काढलेल्या पोथीत ते आहे. तेरा वर्षांची मुलगी पाट्यापुढे बसली आहे, शेजारी कोमाल आहे, आणि समोर तिची आई बसून सांगते आहे. आईच्या तोंडापुढे एक लहानशी वळणदार खूण काढलेली आहे. ती म्हणजे बोललेला शब्द. पाटा, तवा आणि आईचा शब्द, या तिघांना एकत्र पाहून मला आमचेच माजघर आठवले.

अॅझ्टेकांची आणखी एक चाल सांगते. दर बावन्न वर्षांनी त्यांचे कालचक्र पुरे होई. तेव्हा ते घरोघरची चूल विझवत आणि घरातली जुनी भांडी फोडून टाकत. जग आता चालणार की बुडणार, अशी भीती असे. पोटुशी बायकांना घायपाताच्या पानांचे मुखवटे घालून कणगीत कोंडत. मुले झोपली तर त्यांचे उंदीर होतील म्हणून त्यांना चिमटे काढून जागे ठेवत! मध्यरात्री कृत्तिका डोक्यावरून पुढे सरकल्या की जग वाचले असे समजून डोंगरावर नवा अग्नी पेटवत आणि तो घरोघर नेत. असा शेवटचा विधी १५०७ साली झाला. त्या फोडलेल्या भांड्यांचे ढीग खोदकाम करणाऱ्यांना मिळाले आहेत. पण विचार करा, सगळी भांडी फोडून टाकायला त्यांचा हात कसा धजावत असेल? तशीच दुसरी घडवता येतील ही खात्री होती म्हणूनच ना!

पुढे १५२१ साली स्पॅनिश लोकांनी अॅझ्टेकांची राजधानी जिंकली. त्या स्वारीत असलेल्या बर्नाल दियास नावाच्या शिपायाने लिहून ठेवले आहे की, राजा मोक्तेसुमाचे जेवण चोलुला गावच्या लाल-काळ्या मातीच्या भांड्यांतून वाढत असत. सोने ज्याच्या पायाशी लोळत होते तो राजा मातीच्या ताटात जेवत होता.

स्पॅनिश लोकांनी चाक आणले आणि शिशाची झिलईही आणली. पूर्वीची चकाकी दगडाने घासून आणलेली होती. ही चकाकी शिशाची. दिसायला सुरेख, पण शिसे विषारी. अशा भांड्यात टोमॅटो, लिंबू, असे काही आंबट शिजवले किंवा ठेवले की शिसे अन्नात उतरते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याने अपाय होतो. मेक्सिकोत आजही हा मोठा प्रश्न आहे, आणि बिनशिशाची झिलई कुंभारांपर्यंत नेण्याची खटपट तिथे चालू आहे. आपल्याकडेही हल्ली मातीच्या भांड्यांची हौस पुन्हा आली आहे. तेव्हा चकचकीत रंगीत हंडी घेताना झिलई कशाची आहे हे विचारून घ्यावे आणि खात्री नसेल तर त्यात आमटी-सार करू नये, एवढे जाता जाता सांगते.

इतकी उलथापालथ झाली तरी जुनी विद्या सगळी बुडाली नाही. चियापासमध्ये आमातेनांगो नावाचे गाव आहे. तिथल्या त्सेल्ताल जमातीच्या बायका आजही चाकाशिवाय घागरी घडवतात आणि भट्टी न लावता उघड्यावर लाकडे रचून भाजतात. वहाका प्रांतातल्या कोयोतेपेक गावी दोन्या रोसा नावाची कुंभारीण होऊन गेली. ‘दोन्या’ म्हणजे आपण ‘बाई’ म्हणतो तसे. त्या गावची भांडी पूर्वी मळकट करड्या रंगाची असत. भांडे पुरते वाळण्याआधी गारेच्या दगडाने घासले आणि आच थोडी कमी ठेवली तर ते काळेभोर चकाकते, हे तिने १९५० नंतरच्या सुमारास शोधून काढले. तिच्यामुळे गावाचे नाव देशोदेशी गेले. चकाकणारी भांडी जुन्या करड्या भांड्यांपेक्षा नाजूक असतात हे खरे, पण गावाची चूल त्यांवर पेटली.

आणि शेवटी ख्वान केसादाची गोष्ट. मेक्सिकोच्या अगदी उत्तरेला पाकिमे नावाचे जुने नगर होते. ते पंधराव्या शतकाच्या सुमारास ओस पडले आणि तिथली नक्षीची भांडी घडवण्याची विद्याही त्याबरोबर गेली. जवळच माता ऑर्तिस हे गरीब खेडे आहे. तिथला हा मुलगा, जन्म १९४०चा, डोंगरात सरपण गोळा करायला जाई. तिथे त्याला जुन्या भांड्यांच्या खापऱ्या सापडत. अशी भांडी आपण करावी असे त्याच्या मनाने घेतले. पण शिकवणार कोण? जाणते सगळे पाचशे वर्षांपूर्वी गेलेले. त्याने माती कालवली, भांडे केले, ते तडकले. पुन्हा केले, पुन्हा तडकले. शेवटी खापरीची मोडलेली कड निरखून पाहिली तेव्हा त्याला मातीत मिसळलेली वाळू दिसली. मग उलगडले! डोक्याच्या केसांचे कुंचले केले, आपल्यासारख्या शेणाच्या गोवऱ्यांत भांडी भाजली. अशी कित्येक वर्षे गेली. १९७६ साली त्याची तीन भांडी एका अमेरिकन गृहस्थाला दुकानात दिसली आणि तो कर्त्याला शोधत त्या खेड्यापर्यंत पोचला. १९९९ साली ख्वानला त्याच्या देशाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२२ साली तो वारला. पण त्याने विद्या दडवून ठेवली नाही. भावंडांना शिकवली, शेजाऱ्यांना शिकवली. त्याची बहीण लिडिया हीसुद्धा नावाजलेली कुंभारीण झाली. आज त्या खेड्यातली शेकडो माणसे या कामावर पोट भरतात.

ही गोष्ट भाचीने सांगितली त्या रात्री मला झोप आली नाही. का ते सांगते.

आपण खानदेशच्या. आपल्याकडे खापरावरच्या मांड्यांचे केवढे कौतुक! आमच्या सासूबाई मांडे करत तेव्हा गल्ली बघायला येई. पुरण भरलेली ती पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत परातीएवढी करायची आणि पालथ्या खापरावर अलगद टाकायची. त्या मला म्हणत, “ये, हात लाव, आज ना उद्या तुलाच करायचे आहे.” मी म्हणे, “पुढच्या अक्षय्य तृतीयेला शिकेन.” अशा अक्षय्य तृतीया किती आल्या आणि गेल्या. सासूबाई गेल्या त्याला आता नऊ वर्षे झाली. खापर माळ्यावर आहे. सणाला आम्ही मांडे विकत आणतो.

खापर माझ्याकडे आहे, पण हात माझ्याकडे नाही. मका नेला आणि रीत विसरली, तशातलीच मी एक.

ख्वान केसादाला शिकवणारे कोणी जिवंत नव्हते. त्याने खापरीला गुरू केले आणि त्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घातली. आपल्या गल्लीत अजून दोघी-तिघी आजीबाई आहेत, ज्यांना मांडे येतात. त्या इथेच पहिल्या रांगेत बसल्या आहेत. गेल्या महिन्यात मी त्यांच्यातल्या एकीच्या घरी खापर घेऊन गेले. पहिला मांडा हातावरच फाटला, दुसरा चुलीत पडला. तिसऱ्याला आजी म्हणाल्या, “आता माणसाने खावा असा झाला.” त्यांनी मनगट कसे फिरवायचे ते माझे मनगट धरून दाखवले. ते कोणत्या पुस्तकात लिहिलेले नाही आणि लिहून कळणारही नाही.

म्हणून अध्यक्षीणबाईंना माझी एक विनंती आहे. शिवणाचा वर्ग आपण चालवतो, भजनाचा चालवतो. महिन्यातून एक दुपार अशी ठेवावी की, आजीबाईंनी करावे आणि आम्ही त्यांच्या हाताखाली शिकावे. मांडे असोत, चूल घालणे असो, कुरडईचा चीक असो. गहू आणि पुरणाचा खर्च मी पहिल्या महिन्याला देईन. आपल्या मुलींनाही बरोबर आणावे. त्यांनी रोज करावे असे माझे म्हणणे नाही, पण हाताला ठाऊक असावे.

मेक्सिकोच्या राजांची नावे पेल्यांवर राहिली. धार धरणाऱ्या बाईचे नाव गेले, पण तिची रीत राहिली, कारण तिने ती कोणाला तरी दाखवली होती. आपणही दाखवू या आणि वेळ आहे तोवर शिकून घेऊ या.

माझे बोलणे लांबले, त्याबद्दल क्षमा असावी.  आजींनी परवा पुन्हा बोलावले आहे. कोणाला यायचे असेल तर दुपारी दोनला आमच्या ओट्यावर जमावे. खापर माझे, लाकडे आजींची. परात तेवढी ज्याची त्याने आणावी.